ते ठीक, पण जेवलात काय?

उन्हाळ्यात गरम चहाची बाजू घेणारे एक काका प्रत्येक गल्लीत असतात. नागपुरात आमच्या वाट्याला आलेले काका भिंतीपलीकडेच राहतात. मे महिन्यातली दुपार, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, कावळेसुद्धा चोची उघड्या टाकून बसलेत, आणि काका कपातला चहा बशीत ओततायत. समोरच्याच्या हातात ताकाचा पेला दिसला की त्यांना त्या माणसाची कीव येते. “उष्णतेला उष्णताच मारते,” ते सांगतात. या वाक्याने आजवर गल्लीतल्या कोणाचीही उष्णता मेलेली नाही. पण अडचण अशी, की शास्त्र काकांच्या बाजूला आहे.

कॅनडातल्या ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली काही माणसांना सायकलवर बसवलं आणि पॅडल मारता मारता त्यांना पाणी पाजलं. कधी दीड अंशाचं, कधी दहा, कधी सदतीस आणि कधी चक्क पन्नास अंशांचं. पन्नास अंशांचं पाणी प्यायल्यावर शरीरात उष्णता सगळ्यात कमी साठली. घशाखाली गरम काही उतरलं की घाम जास्त सुटतो, आणि तो घाम वाळताना, पाण्याने जेवढी उष्णता आणली त्याहून जास्त घेऊन जातो. हे काकांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं आमच्या घरात एकमताने ठरलेलं आहे. आमच्या घरात एकमताने ठरलेली ही बहुधा एकमेव गोष्ट.

शिवाय यात एक मेख आहे. घाम वाळला पाहिजे. अकोल्याला वाळतो. दादरला तो सदऱ्याच्या पाठीला चिकटून संध्याकाळपर्यंत सोबत करतो, तिथे या चहाचा काडीचा उपयोग नाही. आणि आमचे काका चहा पितात कुठे, तर कूलरपुढे. गवताच्या ताट्यांतून पाणी पिऊन आलेली दमट हवा अंगावर घेत. म्हणजे कोरड्या नागपुरात राहून त्यांनी स्वतःपुरतं दादर तयार केलेलं आहे.

असो. चहाला मी हात लावणार नाही, चहा पाच मिनिटांत संपतो. माझं भांडण दुपारच्या जेवणाशी आहे.

माझी मागणी फार साधी. रोहिणीत सूर्य आला, नवतपा लागला, की ते दिवस उलटेपर्यंत दुपारी बाराच्या सुमाराला गॅस पेटवू नये. एका वाडग्यात गार, पातळ, आंबटसर काहीतरी घ्यावं, त्यात कांदा-काकडी बारीक चिरून टाकावी, आणि ते पिऊन उठावं. पुन्हा भूक लागली तर पुन्हा प्यावं. या मागणीला घरातून जेवढा विरोध झाला तेवढा एखाद्या आंतरजातीय लग्नालाही हल्ली होत नाही.

विरोध करणाऱ्यांनी मे महिन्यात पोळ्या केलेल्या नसतात, हे मी नोंदवून ठेवते. पोळ्या करताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर ज्योत फडफडते आणि पोळी एका बाजूने कच्ची, दुसऱ्या बाजूने काळी. कूलर बैठकीत असतो आणि त्याची हवा स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी येऊन परत फिरते, जणू आतमध्ये तिचं कोणी नाही. बाहेर चव्वेचाळीस, तव्याजवळ किती ते कोणत्याही हवामान खात्याने मोजलेलं नाही. अशा अवस्थेत लाटलेली, फुगलेली, वाफ सोडणारी पोळी कूलरसमोर बसलेल्या माणसाच्या ताटात पडते आणि तो माणूस म्हणतो, “बापरे, काय उकडतंय!” मग तो त्या पोळीवर फुंकर घालतो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. हा तर जे आधीच गार करून देता आलं असतं ते मुद्दाम तापवून घेऊन फुंकतो.

यातून मी एक सिद्धांत काढलेला आहे. आपल्याकडे एखादा पदार्थ जेवण ठरतो तो त्यात काय घातलंय यावरून ठरत नाही. करणारीला किती घाम आला यावरून ठरतो.

पुरावा देते. आंबील कशाची? ज्वारीची. भाकरी कशाची? ज्वारीचीच. पण भाकरी थापावी लागते, तव्यावर टाकावी लागते, पाणी फिरवून उलटावी लागते, जाळावर शेकावी लागते, एखाद्या बोटाला चटका द्यावा लागतो. म्हणून भाकरी खाल्लेला माणूस जेवलेला असतो. तीच ज्वारी, तेवढीच ज्वारी, वाडग्यातून पोटात गेली तर तो माणूस उपाशी. माझं माहेर रत्नागिरीचं. आईचा दुपारी फोन येतो.

“काय जेवलीस गो?”

“आंबील.”

“ते ठीक, पण जेवलीस काय?”

सोलकढीच्या प्रांतातली बाई हे विचारते! कोकमाचं ते जांभळट आगळ, नारळाचं दाट दूध, लसूण, हिरवी मिरची, इतकी देखणी गार गोष्ट ज्यांनी काढली, त्यांनी तिला बसवलं कुठे, तर शेवटच्या भातावर. मासे आणि आमटी मिरवून झाल्यावर. ताकाचं तेच. मठ्ठा तर जिलबीच्या बोटाला धरून पंगतीत येतो. आपल्या जेवणात गार पदार्थांची अवस्था नवरदेवाच्या मित्रांसारखी आहे: वरातीत नाचतात तेच, पण बोहल्यावर त्यांना कोणी उभं करत नाही.

पंचांगात गार खाण्याला मान्यता आहे, नाही असं नाही. फक्त ती उन्हाळ्यात नाही. चूल न पेटवता आदल्या दिवशीचं गार जेवायची ती शीतला सप्तमी येते श्रावणात, बाहेर धो धो पाऊस आणि घरात सगळ्यांना भज्यांचे डोहाळे लागलेले असताना. विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील लागतेच, पण महालक्ष्म्या बसतात भाद्रपदात. कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेची मोठी आंबील यात्रा भरते. आंबील, घुगऱ्या, वरण्या-वांग्याची भाजी, भाकरी, कांद्याची पात, सगळं कसं मन लावून, आणि ते मार्गशीर्षात, लोक स्वेटर घालून देवळात जातात तेव्हा. तमिळनाडूत मारिअम्मनच्या देवळांत नाचणीची पेज वाटतात, तीही आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या आसपास. देव्यांना गार लागतं ते माणसांचा उकाडा संपल्यावर.

मग वैशाखात आपण काय करतो? लग्नं. मांडवात, पत्र्याच्या शेडखाली, कढईतून नुकत्या निघालेल्या पुऱ्या, रस्सा, मसालेभात, आणि वर आग्रह. ओडिशाची माणसं या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी. तिथे शिजवलेला भात पाण्यात घालून आंबवतात, त्याला पखाळ म्हणतात, आणि २० मार्चला ते चक्क पखाळ दिवस साजरा करतात. ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी. एवढं सरळ डोकं आपल्या पंचांगकर्त्यांना परवडलं नसतं.

पण या विषयात ज्यांना गुरू करावं असे लोक राहतात स्पेनच्या दक्षिणेला, अंदालुसियात. तिथल्या कोर्दोबा प्रांतात ला राम्ब्ला नावाचं गाव आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथे ४७.६ अंश तापमान नोंदलं गेलं आणि तो स्पेनचा विक्रम ठरला. आमच्या नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ पर्यंत गेला होता. म्हणजे उन्हात आम्ही शून्य पूर्णांक तीन अंशांनी पुढे आहोत, आणि हे मी अंगात नागपूरचा अभिमान मुरलेला असल्यामुळे सांगते आहे. जेवणात मात्र त्यांनी आमच्या नाकावर टिच्चून बाजी मारली आहे.

त्यांचा गाझपाचो हे मुळात शेतमजुरांचं अन्न. शिळा पाव, लसूण, मीठ, ऑलिव्हचं तेल, व्हिनेगर आणि पाणी. लाकडी भांड्यात कुटायचं, पाणी ओतायचं, सावलीला बसून सगळ्यांनी मिळून खायचं. टोमॅटो त्यात नंतर शिरला, कारण तो आलाच अमेरिकेतून. आता मात्र तोच मालक झालाय आणि काकडी, ढोबळी मिरची त्याच्या हाताखाली आहेत. कोर्दोबात सालमोरेहो करतात, तो दाट असतो आणि वर उकडलेलं अंडं नि हॅमचे तुकडे. मालागाकडे बदाम-लसणाचा पांढराशुभ्र आहोब्लांको, वर द्राक्षं टाकलेला. हल्ली तर गाझपाचो तिथे दुधासारखा खोक्यातून मिळतो. फ्रिज उघडला, पेल्यात ओतला, झालं जेवण.

आता यात मला आवडलेली गोष्ट पाहा. त्या वाडग्यावर बसून कोणी विचारत नाही, “पोळी कुठाय?” कारण पोळी आतच आहे. पाव कुटून त्यातच घातलाय. विचारायची सोयच ठेवलेली नाही. आंबिलीतही ज्वारी आतच असते, पण आमच्याकडे विचारायची सोय माणसं स्वतःची स्वतः करून घेतात.

पेद्रो आल्मोदोवारचा १९८८ चा ‘विमेन ऑन द व्हर्ज ऑफ अ नर्व्हस ब्रेकडाउन’ हा चित्रपट आहे. त्यातली नायिका गाझपाचोत झोपेच्या गोळ्या मिसळून ठेवते आणि घरात आलेली माणसं तो पिऊन आडवी होतात. त्यांत पोलीसही असतात. नागपुरात हे कथानक चाललं नसतं. गोळ्यांचा खर्च कशाला? मे महिन्यात नुसत्या आंबिलीची दोन वाडगी कोणत्याही पोलिसाला पुरतात.

आंबील करायची रीत सांगते, कारण विनोदी लेखातून निदान एक तरी गोष्ट खाता यावी. रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून झाकून ठेवायचं. उन्हाळ्यात ते सकाळपर्यंत स्वतःहून आंबतं, त्यासाठी काही करावं लागत नाही. नागपूरच्या रात्रीच त्या कामावर असतात. सकाळी सहाला, उन्हाने डोळे वटारायच्या आत, पातेल्यात पाणी उकळायचं आणि हे मिश्रण त्यात सोडून ढवळत राहायचं. ढवळणं थांबलं की गुठळ्या. चकाकी आली, दाटपणा आला की गॅस बंद, आणि दुपारपर्यंत तो पुन्हा पेटवायचा नाही. गार झाल्यावर, जेवायच्या वेळेला, आणखी ताक घालून पातळ करायची. ठेचलेला लसूण, भाजून चुरलेलं जिरं, कोथिंबीर. वर कच्चा कांदा, भरपूर.

मीठ मात्र गार झाल्यावर चाखून घालावं. गारव्याने जीभ थोडी बधिर होते. वितळलेलं आइस्क्रीम कसं नको इतकं गोड लागतं, ते गोठलेलं असताना तसं लागत नाही, तोच प्रकार. गरम असताना चोख लागलेली आंबील बारा वाजता सपक लागते, आणि मग ‘गार जेवणाला चवच नसते’ असं म्हणायला घरात माणसं टपून असतात. हिरवी मिरची हा वेगळा मामला. गार पातळ पदार्थातली मिरची जिभेवर ओळखच देत नाही. ती घशाखाली उतरल्यावर, तुम्ही दुसरा घोट घेऊन बसल्यावर, मागून हाक मारते.

आणखी एक. आंबील फ्रिजमध्ये ठेवू नये, माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. माठ आणि माणूस एकाच तत्त्वावर गार होतात: पाझरलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. म्हणून माठ विदर्भात जीव तोडून काम करतो आणि कोकणात नुसता ओला बसून राहतो. फ्रिजला असा प्रांतभेद नाही, पण पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थांशी त्याचं पटत नाही. फ्रिजमधली दाट आंबील दुपारी सुरीने कापून वाढावी लागते. रात्रीचं तूप घातलेलं वरण सकाळी काढून पाहा: वर तुपाची पांढरी खपली, खाली वडी. आमच्या घरातल्या एका बुद्धिमान माणसाने मला सुचवलं होतं, “गारच हवं ना, मग वरणच गार करून दे की.” हा माणूस इंजिनियर आहे आणि माझा नवरा आहे. नारळाचं तेल चोवीस अंशांच्या आसपास थिजतं, म्हणून सोलकढीही फ्रिजमध्ये रात्रभर ठेवली की वर खोबऱ्याच्या तेलाचे कण धरतात. ऑलिव्हचं तेल त्या मानाने बराच वेळ वाहतं राहतं, हे स्पेनवाल्यांचं नशीब. यावर तोडगा म्हणून एका पाहुण्यांनी मला सोलकढी “थोडी कोमट करून” मागितली होती. सोलकढी उकळली की फुटते. मी त्यांना तीच वाटी उन्हात दोन मिनिटं धरून दिली, आणि त्यांनी ती आनंदाने प्यायली.

गार सूप मोठ्या माणसांच्या टेबलावर कसं पोचलं याचीही एक हकीकत आहे. न्यूयॉर्कच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात लुई दिआ नावाचा फ्रेंच शेफ होता. लहानपणी घरचं बटाटा आणि लीक या कांद्याच्या भावंडाचं गरम सूप तो आणि त्याचा भाऊ त्यात गार दूध ओतून निववत असत. १९१७ च्या उन्हाळ्यात हॉटेलच्या गिऱ्हाइकांना काहीतरी थंड द्यायचं म्हणून त्याला ते आठवलं, त्याने त्यात साय घातली, विशीसुआज असं गोड नाव दिलं, आणि श्रीमंत न्यूयॉर्क ते पिऊ लागलं. मला या गोष्टीतलं बालपण जास्त विलक्षण वाटतं. आईने रांधलेल्या कढत आमटीत माझ्या भावाने गार दूध ओतलं असतं तर त्याच्या हातून पुढे कोणताही पदार्थ शोधला गेला नसता. हातच वर झाला नसता.

आमच्या आंबिलीचंही आता बरं चाललंय म्हणा. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून बड्या हॉटेलांत ती उंच काचेच्या पेल्यात दिसू लागली. काठावर पुदिन्याचं पान, खाली कागदी रुमाल. आमच्या सासूबाईंना आम्ही तिथे घेऊन गेलो. त्यांनी किंमत वाचली, पेला उजेडात धरून तळ पाहिला आणि वेटरला अगदी मायेने विचारलं, “बाबू, यात ज्वारी किती दाणे आहे रे?”

घरी मात्र त्यांचं मन वळवायला वेळ लागला. पहिल्यांदा मी दुपारी सगळ्यांपुढे वाडगी ठेवली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. बोलत नाहीत तेव्हाच त्या जास्त बोलतात. सासऱ्यांनी वाडगं तोंडाला लावलं, खाली ठेवलं ते रिकामं. दुसरं मागितलं. तिसरं स्वतः उठून ओतून घेतलं. मग मिशा पुसून, मांडी नीट घालून बसले आणि म्हणाले, “झक्कास. आता वाढा ताटं.” नवरा त्यांच्याकडे आशेने पाहत होता.

ताटं निघाली नाहीत. पंधरा मिनिटं सगळे ताटांची वाट बघत बसले आणि त्या पंधरा मिनिटांत एकेक जण जागच्या जागी पेंगायला लागला. जेवलोच नाही, असं म्हणत म्हणत सासरे साडेचारपर्यंत घोरत होते.

सासूबाई तेवढ्या जाग्या होत्या. संध्याकाळी हळूच जवळ येऊन त्यांनी कबूल केलं, “बाई, दुपारी एकदम मोकळं वाटलं ग. दोन घंटे हाती राह्यले.” मला वाटलं, जिंकले. एवढ्या वर्षांत या बाईला मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर पाय पसरून पडलेलं कोणी पाहिलेलं नव्हतं. आता त्या पडतील, पेपर वाचतील, वाटलं तर काकांच्या चहाला नावं ठेवतील.

त्याच रात्री त्यांनी पाच किलो गहू भिजत घातले. वाळवणाला वेळच मिळत नाही म्हणायच्या ना, तो आता मिळाला होता. तीन दिवस पाणी बदललं. चौथ्या दिवशी पहाटे चारला गहू वाटले, गाळले, आणि मोठ्या पातेल्यात चीक शिजायला ठेवला. चीक सतत घाटावा लागतो, आणि मोठा घाट एकटीच्या हाताला झेपत नाही, म्हणून दुसरी बाई लागते. घरात दुसरी बाई कोण, ते सांगायला नको. दहापर्यंत आम्ही दोघी गच्चीवर, डोक्याला ओला दुपट्टा बांधून, चव्वेचाळीस अंशांत सोऱ्याने कुरड्या घालत होतो. भिंतीपलीकडून काका बशी हातात घेऊन समाधानाने पाहत होते.

मी सोऱ्या दाबत होते तेव्हा सासूबाईंनी घाम टिपत विचारलं, “बारा वाजले का ग? खाली सगळे वाट पाहत असतील. आंबील तर आहेच.” मग पातेल्याच्या तळाशी उरलेला चीक त्यांनी डावाने खरवडला, “पण यासोबत थोडा गरम चीक देऊ सगळ्यांना. तेल घालून. नुस्त्या आंबिलीने काय होते बाई, पोटाला आधार नको?”